कुंडातलं ऊन पाणी निवत चाललंय. आसपासच्या बोअरवेलमुळे असं होऊ शकतं का?

शाळेतल्या_बाई

नमस्कार मंडळी. संगमेश्वर तालुक्यातल्या एका गावात मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ज्यांच्याबद्दल लिहायचंय ती सगळी घरचीच माणसं आहेत. मुंबई-गोवा रस्त्याने जाताना तुरळ, राजवाडी, आरवली ही नावं तुम्ही वाचली असतील. तिथल्यासारखीच आमच्याकडेही गरम पाण्याची कुंडं आहेत. गावात त्याला गरम पाणी कोणी म्हणत नाही, ऊन पाणी म्हणतात. दापोलीचं उन्हवरे, राजापूरजवळचं उन्हाळे, पालीजवळचं उन्हेरे ही सगळी नावं त्याच ‘ऊन’वरून आली आहेत.

१९९६ साली मी लग्न होऊन इथे आले. आषाढात लावणी आटोपून चिखलाने माखलेली, काकडलेली माणसं अंधार पडताना थेट कुंडावर जायची. बायकांचं कुंड वेगळं, पुरुषांचं वेगळं. वरून पाऊस कोसळत असायचा आणि आम्ही गळ्यापर्यंत ऊन पाण्यात बसलेल्या असायचो. माझ्या पहिल्या बाळंतपणात सासूबाई रोज पहाटे दोन कळशा भरून आणायच्या. चूल पेटवायची गरजच पडायची नाही. उलट घरातलं विसणाचं पाणी घालावं लागायचं.

आता प्रश्नाकडे येते. २०१८च्या डिसेंबरपासून मी सातवीच्या मुलांना घेऊन दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी कुंडावर जाते. जिथे पाणी दगडाच्या फटीतून वर येतं तिथे शाळेचा तापमापक धरायचा, आणि गोमुखातून पडणाऱ्या धारेखाली १५ लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. लॉकडाऊनमध्ये मी एकटी जात होते. वहीत एकही महिना रिकामा नाही.

डिसेंबर २०१८ : ५८ अंश, बादली १९ सेकंदांत.
डिसेंबर २०२० : ५८ अंश, १९ सेकंद.
डिसेंबर २०२१ : ५७ अंश, २२ सेकंद.
डिसेंबर २०२२ : ५५ अंश, २७ सेकंद.
डिसेंबर २०२४ : साडेत्रेपन्न अंश, ३१ सेकंद.

महाशिवरात्रीच्या आधी कुंड उपसून घासतात. पूर्वी सकाळी उपसलेलं कुंड दुपारच्या जेवणापर्यंत काठोकाठ भरायचं. गेल्या वर्षी तिन्हीसांज झाली तरी वरची पायरी कोरडीच होती.

या काळात गावात दोन बोअर झाल्या. ग्रामपंचायतीची बोअर २०१९ सालची, कुंडाच्या वरच्या अंगाला, चालत पाच मिनिटांवर, १६० फूट खोल. दुसरी २०२१च्या ऑक्टोबरची. माझ्या चुलत दिरांनी पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या, त्यासाठी ती मारली. कुंडापासून साधारण ९० मीटरवर, ४१० फूट. ते म्हणतात, “वहिनी, कुंडाचं पाणी पाताळातून येतं, माझ्या मोटरीचा आणि त्याचा काय संबंध?” मला उत्तर देता आलं नाही. विज्ञान शिकवते, पण हे मला माहीत नाही. उगाच कोणावर आळ घ्यायचा नाही, पण कुंड डोळ्यांदेखत निवत जाताना गप्पही बसवत नाही. कृपया कोणी समजावून सांगेल का?

---

चाकरमानी_डोंबिवलीकर

बाई, तुमचा जीव तुटतोय ते कळतं. पण दुसरी बाजूही ऐका. माझं गाव तुमच्या पलीकडच्या खोऱ्यात. पावसाळ्यात तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस आणि एप्रिलमध्ये टँकर. माझी आई नदीच्या कोरड्या पात्रात डवरा खणून वाटीवाटीने हंडा भरायची. एक हंडा भरायला अर्धा तास. आमच्या वाडीत बोअर आली तेव्हा ती हापशाला हात लावून रडली होती. अंघोळीच्या कुंडासाठी प्यायच्या पाण्याची बोअर बंद करा, असं कोणी म्हणालं तर मी आडवा येईन. पर्यटकांच्या शॉवरचं मात्र मला काही सांगता येत नाही.

---

शाळेतल्या_बाई

दादा, मीसुद्धा डवऱ्यावर बसले आहे. ग्रामपंचायतीच्या बोअरविरुद्ध माझा एक शब्द नाही. नेमका कशाचा कशाशी संबंध आहे एवढंच मला समजून घ्यायचंय, म्हणजे जिची चूक नाही तिच्यावर गाव घसरणार नाही.

---

भूजल_निवृत्त

बाई, आधी तुमच्या वहीला नमस्कार. भूजलाच्या कामात माझी ३१ वर्षं गेली. ‘झरा आटला’ अशा तक्रारी शेकड्याने पाहिल्या. पण आधी किती होता, हे लिहून ठेवलेलं माणूस क्वचित भेटलं.

तुमच्या दिरांचं ‘पाताळातून’ म्हणणं निम्मं बरोबर आहे. कोकणातल्या उन्हाळ्यांखाली, म्हणजे ऊन पाण्याच्या झऱ्यांखाली, ज्वालामुखी नाही. पालघर जिल्ह्यातल्या कोकनेरपासून राजापूरपर्यंत सुमारे ३०० किलोमीटरच्या पट्ट्यात ही ठिकाणं एका ओळीत आहेत, कारण त्या पट्ट्यात काळ्या पाषाणाला खोलवर चिरा गेल्या आहेत. पावसाचंच पाणी त्या चिरांतून एक-दोन किलोमीटर किंवा त्याहून खाली उतरतं, खालच्या खडकाच्या उष्णतेने तापतं आणि एखादी मोकळी भेग सापडली की वेगाने वर येतं. सगळ्यात गरम उन्हवऱ्याचं, ७० अंशांच्या आसपास. भेग मोकळी असेल तर पाणी वाटेत फारसं निवत नाही. हा सगळा फेरा व्हायला फार मोठा काळ लागतो, म्हणून कुंडाची धार एका पावसाळ्याने वाढत नाही आणि एका उन्हाळ्याने आटत नाही.

आता उरलेला निम्मा भाग. हे पाणी वर चढतं ते फार थोड्या जोरावर. ६० अंशांचं पाणी २५ अंशांच्या पाण्यापेक्षा साधारण १.४ टक्क्यांनी हलकं असतं. एक किलोमीटर उंचीचा गरम पाण्याचा खांब धरला, तर त्याच्या शेजारच्या थंड पाण्याच्या खांबाच्या तुलनेत त्याला फार तर १४ मीटरचा फायदा मिळतो. त्यातला बराचसा वाटेतल्या घर्षणात जातो. जमिनीशी पोचेपर्यंत जोर उरतो तो दोन-चार मीटरचा, कधी त्याहूनही कमी. याउलट सबमर्सिबल, म्हणजे बोअरच्या पाण्यात बुडवलेली मोटर, सुरू झाली की बोअरमधली पातळी १५-२० मीटर सहज खाली बसते. कुंडाची भेग आणि बोअरमध्ये लागलेली भेग एकमेकींना मिळालेली असेल, तर पाणी कुठे जाईल ते तुम्हीच सांगा. पाताळातून येतं हे खरं, पण शेवटचे शंभर मीटर ते आपल्याच जमिनीतून येतं. बिघाड होतो तो याच शेवटच्या टप्प्यात.

हे तीन तऱ्हांनी होऊ शकतं. एक, बोअर थेट गरम भेगेलाच लागते आणि कुंडाचं पाणी वाटेतच उचलते. दोन, बोअर वरचं थंड पाणी उपसते. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण आजूबाजूचं थंड पाणी गरम धारेला चहूकडून दाबून धरत असतं. तो दाब गेला की गरम पाणी वर न येता आडवं पसरतं. तीन, भेगेतला दाब कमी झाला की थंड पाणीच आत शिरून मिसळतं. तिन्हींत कुंड निवतं, पण प्रत्येकीची खूण वेगळी असते.

ही खूण पाण्यातल्या क्षारांवरून कळते. आपल्या उन्हाळ्यांच्या पाण्यात क्लोराइड भरपूर असतं आणि गावच्या विहिरीच्या पाण्यात अगदी थोडं. थंड पाणी मिसळलं तर तापमान आणि क्षार दोन्ही एका प्रमाणात उतरायला हवेत. तापमान उतरलं पण क्षार तेवढेच राहिले, तर मिसळ झालेली नाही. धार बारीक झाली, पाणी भेगेतून सावकाश यायला लागलं आणि वाटेतल्या खडकाला जास्त उष्णता देऊन बसलं, असा त्याचा अर्थ. तुमच्याकडे जुना पाणीतपासणीचा कागद आहे का? टीडीएसचा, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचा, कुठलाही आकडा चालेल. आणि आज मोजणार असाल तर पाणी भांड्यात घेऊन आधी गार होऊ द्या. खिशातले स्वस्त मीटर ५० अंशांच्या वरच्या पाण्यात भलतेच आकडे दाखवतात.

---

रिगवाला_चिपळूण

बाई मी २२ वर्ष बोअरची गाडी चालवतोय. सर बोलले ते बरोबर, मी फक्त हातातलं सांगतो.

आपल्याकडे केसिंग, म्हणजे बोअर ढासळू नये म्हणून आत बसवायचा पाइप, किती टाकतात? वरचा जांभा, माती, मुरूम संपून पक्का पाषाण लागला की बंद. २० फूट, ३० फूट, जास्तीत जास्त ४०. त्याच्या खाली बोअर उघडीच. ६० फुटावरचा थंड झरा आणि ३०० फुटावरचा गरम झरा एकाच भोकात सोडलेला असतो. मोटर बंद असली तरी आतल्या आत पाणी इकडचं तिकडे जात राहतं.

उन्हाळ्याजवळ मी दोन बोअर मारल्यात. एकीत २८० फुटाला गाळ गरम यायला लागला, हाताला चटका बसेल असा. मालक खूश, गरम पाणी फुकट म्हणाला. मी सांगितलं मोटर टिकणार नाही. सबमर्सिबल तिच्याभोवतीच्या पाण्यानेच थंड होते, पाणीच ऊन असेल तर वाइंडिंग जळतं. वर्षात दोनदा जळली. पीव्हीसी केसिंगपण मऊ पडून आत दबली.

तुमच्या दिरांना दोन गोष्टी विचारा. मोटर किती वेळा जळली, आणि सकाळी पहिलं पाणी कसं येतं, अर्ध्या तासानंतर कसं येतं. सुरवातीला गार आणि नंतर कोमट होत गेलं तर गरम झरा त्याच बोअरमध्ये आहे समजा.

---

रोटोरुआवाला_मिलिंद

मी मूळचा साताऱ्याचा, गेली १४ वर्षं न्यूझीलंडमध्ये रोटोरुआला राहतो. हा प्रश्न वाचून राहवलं नाही, कारण हे सगळं गावच त्यातून गेलेलं आहे.

इथे जमिनीखाली खरोखरच ज्वालामुखीची उष्णता आहे. त्यामुळे लोकांनी अंगणात बोअर मारून घरं ऊबदार ठेवायला, हॉटेलांचे तलाव तापवायला ऊन पाणी उपसायला सुरुवात केली. मग वाकारेवारेवाच्या खोऱ्यातली उकळत्या पाण्याची नैसर्गिक कारंजी एकेक करून बसायला लागली. पापाकुरा नावाचं कारंजं जवळपास सतत उडायचं, ते १९७९ साली थांबलं. त्या खोऱ्यात माओरी लोकांची वस्ती पिढ्यान्‌पिढ्या आहे. ते त्याच पाण्यात स्वयंपाक करतात, त्याच पाण्यात अंघोळी करतात. शेवटी १९८६-८७मध्ये सरकारने पोहुतू या मोठ्या कारंज्याच्या दीड किलोमीटरच्या आतल्या बोअर बंद करायला लावल्या आणि बाहेरच्यांवर आकार बसवला. खूप भांडणं झाली. लोकांची ऊब जात होती, ते साहजिकच होतं. पण जमिनीतला दाब वर्ष-दोन वर्षांत वर यायला लागला आणि पोहुतू पुन्हा जोरात उडू लागलं. पापाकुरा मात्र २०१५ साली उठलं. छत्तीस वर्षांनी.

इथून तासाभराच्या अंतरावर वैराकेईला १९५८मध्ये भू-औष्णिक वीजकेंद्र सुरू झालं. शेजारच्या खोऱ्यातली कारंजी त्यानंतर काही वर्षांत गेली, ती परत आली नाहीत. बाई, तुमच्याकडे दोनच बोअर आहेत. ही फार चांगली गोष्ट आहे. आमच्याकडे शेकड्यांनी झाल्यावर लोकांना जाग आली.

---

शाळेतल्या_बाई

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन दिवस कागद शोधत होते. ग्रामपंचायतीच्या कपाटात २०१७चा तपासणीचा कागद सापडला. कुंडाच्या पाण्याचा टीडीएस ९८०, क्लोराइड ३९०.

काल पाणी गार करून शाळेच्या मीटरने मोजलं. तीन वेळा. ९७०, ९७५, ९७०. आमच्या घरच्या विहिरीचं १४०.

सर, तुमच्या म्हणण्यावरून मुलांसोबत फळ्यावर गणित मांडलं. मूळ ५८, विहिरीचं पाणी २७, आताचं साडेत्रेपन्न. फक्त मिसळीमुळे एवढा फरक पडला असता, तर साडेचौदा टक्के थंड पाणी मिसळायला हवं होतं. तसं असतं तर टीडीएस ८६०च्या आसपास यायला हवा होता. तो तर जागचा हललेला नाही. म्हणजे कुंडात येतंय ते सगळं पाणी अजून तळातलंच आहे, ना? फक्त कमी येतंय. खरं सांगते, हे कळल्यावर मला रडू आलं. बिघडलेलं नाहीये ते.

दुसरी गोष्ट. वही चाळताना ४ मार्च २०२३च्या नोंदीवर थांबले. फेब्रुवारीत बादलीला २८ सेकंद, एप्रिलमध्ये २८ सेकंद. मधे मार्चला २२! त्या वेळी मला वाटलं होतं, मुलाने घड्याळ चुकीचं दाबलं. पण समासात माझ्याच अक्षरात लिहिलंय, ‘लाइट नाही’. शिमग्याच्या तोंडावर ट्रान्सफॉर्मर जळला होता, सहा दिवस गावात वीज नव्हती. एकही मोटर चालू नव्हती. तापमान मात्र फक्त अर्ध्या अंशाने वाढलं होतं.

---

भूजल_निवृत्त

बाई, साध्या मीटरमध्ये पाच-दहाचा फरक असतोच, म्हणजे ९८० आणि ९७० एकच. मिसळ नाही. मुलांना माझ्याकडून शाबासकी सांगा.

ट्रान्सफॉर्मरची नोंद तर सोन्यासारखी आहे. दाब खडकातून लवकर पोचतो, म्हणून धार दोन-चार दिवसांत उघडते. उष्णता मात्र मंद चालते. निवलेला खडक पुन्हा तापायला महिने लागतात, म्हणून तापमान अर्धाच अंश हललं. हे दोन आकडे असे वेगवेगळ्या चालीने गेले, म्हणूनच मला ती नोंद खरी वाटते. घड्याळाची चूक असती तर तापमान हललंच नसतं.

पण घाई नको. त्या सहा दिवसांत दोन्ही बोअर बंद होत्या. दोष कोणत्या बोअरचा, हे त्यावरून सांगता येत नाही. तुमच्या वहीत २०१९ ते २०२० या काळात, म्हणजे फक्त ग्रामपंचायतीची बोअर चालू असताना, धार १९ सेकंदांवर स्थिर होती. ती बोअर निर्दोष असण्याच्या बाजूची ही साक्ष आहे. तरी वेगवेगळं बंद करून पाहिलंच पाहिजे. आधी एक, मग दुसरी. रोज ठरावीक वेळी, पहाटे, अंघोळीला कोणी यायच्या आत मोजायचं. मधे पाऊस पडला तर प्रयोग बाद धरा.

गोष्ट निघालीच आहे म्हणून दोन जुनी उदाहरणं सांगतो. इंग्लंडमधल्या बाथ शहराचं ऊन पाणी रोमन काळापासून वाहतंय, सुमारे ४६ अंश. १८१०मध्ये ते कमी झालं तेव्हा विल्यम स्मिथला बोलावलं. इंग्लंडचा भूशास्त्रीय नकाशा काढणारा तोच तो स्मिथ. त्याने झरा तळापर्यंत उघडला तेव्हा पाणी आटलेलं नव्हतं, दुसऱ्या वाटेने निघून चाललं होतं. त्याने वाट बुजवली. आज त्या भागात ठरावीक खोलीखाली खणायला कायद्याने परवानगी लागते. दुसरं उदाहरण बोहेमियातल्या, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या, टेप्लित्से शहराचं. १८७९च्या फेब्रुवारीत काही किलोमीटरवरच्या कोळशाच्या खाणीत अचानक पाणी घुसलं, कामगार बुडाले, आणि दोन-तीन दिवसांत शहरातला शतकांचा झरा दिसेनासा झाला. मग तिथे खड्डा खणत पाण्याच्या मागे खाली जावं लागलं आणि पंप बसवावे लागले. जे आपोआप वर यायचं ते खेचून काढायची पाळी आली.

आपल्याकडे २००९च्या भूजल अधिनियमात ६० मीटरच्या पलीकडची विहीर ‘खोल विहीर’ धरली आहे. ४१० फूट म्हणजे १२५ मीटर. पण माझा सल्ला असा की कायदा सगळ्यात शेवटी काढा. आधी वही घेऊन त्यांच्या ओटीवर जा.

---

चाकरमानी_डोंबिवलीकर

बाई, ग्रामपंचायतीच्या बोअरबद्दल सर म्हणाले ते वाचून जीव भांड्यात पडला. शिमग्याला गावी येतोय. बादली धरायला माणूस कमी पडला तर मला हाक मारा, तुमच्या गावात माझी मावशी आहे.

---

शाळेतल्या_बाई

आज पाच आठवड्यांनी लिहितेय.

वही घेऊन दिरांच्या ओटीवर गेले. आधी ते काहीच बोलले नाहीत. मग मी चिपळूणच्या दादांचा प्रश्न विचारला, मोटर किती वेळा जळली? ते माझ्याकडे बघतच राहिले. तीन वर्षांत तीनदा. कंपनीच खराब म्हणून दोन वेळा बदलली होती. सकाळचं पाणी गार, पाऊण तासाने कोमट, हेही त्यांनीच सांगितलं. त्यांना ते आवडतच होतं, गिझरचं बिल वाचत होतं. शेजारी जाऊबाई उभ्या होत्या, त्या हळूच म्हणाल्या, “म्हणजे ते कुंडातलंच होतं तर.” दीर वाईट माणूस नाहीत. कुंडाच्या नव्या पायऱ्या त्यांनीच स्वतःच्या पैशांनी बांधल्या. त्यांना खरंच माहीत नव्हतं, जसं मलाही नव्हतं.

जानेवारीअखेर पाहुणे नव्हते आणि त्यांच्या जुन्या विहिरीला अजून पाणी होतं. त्यांनी पाच दिवस बोअर बंद ठेवली. ग्रामपंचायतीची नेहमीसारखी चालू. मी रोज पहाटे साडेपाचला विजेरी घेऊन. पहिल्या दिवशी ३१ सेकंद. दुसऱ्या दिवशी ३०. मग २८, २६, आणि पाचव्या दिवशी २५. दीर शेवटचे दोन दिवस स्वतः आले होते. घड्याळ त्यांनीच धरलं. बोअर सुरू केल्यावर आठवड्याने पुन्हा ३०.

ग्रामपंचायतीची बोअर एकच दिवस बंद ठेवता आली, त्याहून जास्त गावाला झेपलं नसतं. त्या दिवशी काही फरक दिसला नाही. एका दिवसाने ठाम म्हणता येणार नाही हे कळतं, पण २०१९-२०च्या नोंदी धरून सरपंचांना मी सांगितलं की प्यायच्या पाण्याकडे कोणी बोट दाखवू नये.

रिगवाले दादा, आता तुम्हाला विचारायचंय. बोअर पूर्ण न बुजवता फक्त खालचा गरम झरा बंद करता येतो का? दिरांनीच विचारायला सांगितलंय.

---

रिगवाला_चिपळूण

येतो बाई. आधी बोअरमध्ये कॅमेरा सोडून गरम झरा नेमका किती फुटावर आहे ते बघायचं. आमच्याकडे कॅमेरा आहे. मोटर काढून एक दिवस बोअर निवांत ठेवायची, मग तापमापक दोरीने सोडून दर २० फुटाला आकडा घ्यायचा. जिथे उडी मारेल तिथे झरा. मग तळापासून त्याच्या वरपर्यंत खडी आणि सिमेंटची लापशी पाइपने खालून वर भरत यायची. वरून ओतायची नाही, वरून ओतली की पाण्यात विरघळून वाया जाते. गरम झऱ्याच्या वर ४०-५० फूट भरीव सिमेंट राहिलं पाहिजे. वरचा थंड झरा तेवढा चालू राहतो. पाणी कमी मिळेल हे दिरांना आधीच सांगा. आता पाण्याची धार २ इंची असेल तर कदाचित १ इंचीवर येईल. मोटर लहान टाका आणि वर टांगा, मग जळणार नाही.

कॅमेऱ्याचे पैसे घेणार नाही. डिझेलचे द्या.

---

रोटोरुआवाला_मिलिंद

दादा, इथेही बंद केलेल्या बोअर सिमेंट भरूनच बुजवल्या, नुसतं झाकण घालून सोडल्या नाहीत. झाकण घातलेल्या बोअरमधून पाणी आतल्या आत पळत राहतं, तुम्ही वर म्हणालात तसंच.

---

शाळेतल्या_बाई

गेल्या मंगळवारी रिगवाले दादा येऊन गेले. २४० फुटांपर्यंत ३० अंशांच्या आसपास, २६० ला ३९, ३०० ला ५१. शाळेची २३ मुलं बोअरभोवती गोल करून बसली होती आणि दोरीची प्रत्येक गाठ मोजत होती. दिरांनी सगळ्यांना कोकम सरबत दिलं. सिमेंटचं काम होळीनंतर करायचं ठरलंय, कारण शिमग्याला खोल्या भरलेल्या आहेत आणि तेवढे पंधरा दिवस त्यांना पाणी लागणारच. मी हो म्हटलं. तोवर ते मोटर सकाळी फक्त एक तास चालवतात, पाणी कोमट व्हायच्या आत बंद करतात.

काल पहिला शनिवार होता. ५४ अंश, २७ सेकंद. टीडीएस ९७५. काम झाल्यावर पुढच्या महिन्याचे आकडे इथेच लिहीन.